जे हलत नाही ते उमटतं

लॅपटॉपचा पडदा बिघडला की गिऱ्हाइकं साधारण दोन तऱ्हांनी येतात. काही जण दारातूनच सांगतात, "पडलाबिडला काही नाही हं," म्हणजे तो नक्की पडलेला असतो. आणि काही जण काहीच सांगत नाहीत. लॅपटॉप उघडून समोर ठेवतात आणि डॉक्टरसमोर बसल्यासारखे आपल्या तोंडाकडे बघत राहतात. त्या बाई दुसऱ्या प्रकारातल्या होत्या.

आमचं दुकान तळमजल्यावर आहे. एका बाजूला छापखाना, दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं दुकान. पुढच्या टेबलावर माझी नणंद मोबाइल दुरुस्त करते, मागच्या टेबलावर मी लॅपटॉप. माझा नवरा गणिताचा मास्तर. त्याला घरातला रिमोटसुद्धा बहिणीकडून उघडून घ्यावा लागतो, त्यामुळे दुकान आम्ही नणंद-भावजयींनीच थाटलं आणि अजून एकमेकींचं डोकं फोडलेलं नाही. सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे घडलं ते दोघींनी पाहिलेलं आहे. एकटीने पाहिलं असतं तर मी ते कुणाला सांगितलं नसतं.

बाई अनुवादक होत्या. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद असतो, जो कोणी वाचत नाही, तो आपल्या भाषेत लिहिण्याचं काम. दिवसभर पांढऱ्या पानावर नजर. म्हणाल्या, पानावर करड्या सावल्या दिसतात, अक्षरांमागून रेघा जातात, डोकं दुखतं. चष्म्याचा नंबर बदलून पाहिला, बाजूच्या दुकानातूनच, आणि त्या चष्मेवाल्यानेच त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं.

मी नेहमीच्या क्रमाने बघत गेले. दुसरा मॉनिटर जोडला, त्यावर सगळं स्वच्छ. पडद्याचं चित्र टिपून ते दुसरीकडे उघडलं, त्यातही काही नाही. म्हणजे दोष आतल्या यंत्रात नव्हता, पडद्याच्या काचेत होता. मग मी पूर्ण पडदा एकसारखा करडा केला. असे डाग करड्यावर चांगले दिसतात.

दिसले. पण डाग म्हणावेत असे ते नव्हते. ती एक खोली होती.

फिकट होती, जुन्या कापडावर इस्त्रीची खूण राहते तशी. डावीकडे कपाटाची उभी कड, वर खिडकीची चौकट, खाली पलंगाची उशाकडची फळी. उशी. उशीवर डोक्याचा गोल आणि त्याखाली खांद्याचा उतार.

असं काही दिसलं की आम्हा कारागिरांना आधी आनंद होतो, कारण दोष सापडलेला असतो. मी त्याच आनंदात त्यांना समजावून सांगायला लागले. एकच चित्र एकाच जागी फार काळ राहिलं की पडदा ते धरून ठेवतो. व्हिडिओ कॉल तासन्‌तास चालू ठेवत असाल, नाही का? माणसं बोलतात, हलतात, त्यांचं काही राहत नाही. भिंत राहते, कपाट राहतं.

"जे हलत नाही ते उमटतं," मी म्हणाले.

बाई पडद्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "शेवटी शेवटी आई हलत नव्हती."

नणंदेच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. मी चहा मागवला.

मग त्यांनी सांगितलं. आई-वडील दुसऱ्या गावी राहत. आई अंथरुणाला खिळलेली, वडील तिचं सगळं करत. या इथे, नोकरीमुळे. रोज जाणं शक्य नव्हतं, म्हणून बाप-लेकीने एक युक्ती काढली. वडिलांनी पलंगासमोर टॅब्लेट उभा करून ठेवला आणि यांच्या लॅपटॉपवर कोपऱ्यातल्या लहान चौकटीत ती खोली सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू राहायची. बोलणं फारसं नसायचं. या इकडे लिहीत असायच्या, तिकडे आई पडून असायची, मधूनच वडील पाणी घेऊन यायचे. आई गेली तरी वडिलांनी टॅब्लेट काढला नाही. आता त्या पलंगावर ते झोपतात, आणि कॉल अजून तसाच चालू असतो.

"पण चौकट तर तुम्ही कोपऱ्यात लहान ठेवत होता ना?" मी विचारलं. कारण उमटलेली खोली पूर्ण पडदाभर होती.

त्यांनी मान हलवली. त्यांनाही ते कळत नव्हतं. मीही फार खोलात शिरले नाही. कधीतरी मोठी केली असेल, विसरल्या असतील, असं धरून चालले.

त्यावर उपाय साधा असतो. पूर्ण पांढरा पडदा लावून लॅपटॉप बराच वेळ तसाच चालू ठेवायचा. बहुतेक वेळा डाग धुऊन निघतात. नाही निघाले तर पडदाच बदलायचा. बाईंनी विचारलं, आईही जाईल का. मी हो म्हणाले. त्यांनी फोन काढून त्या उशीचा फोटो घ्यायचा प्रयत्न केला, पण फोनमध्ये नुसत्या आडव्या रेघा आल्या. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी फोन पर्समध्ये टाकला, पडद्यावर उशीच्या जागी बोट टेकवलं, आणि म्हणाल्या, "करा साफ."

त्या गेल्यावर मी पांढरा पडदा लावून लॅपटॉप मागच्या फळीवर ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागले. दुकानात नेहमीचा वास होता, तापलेल्या कथलाचा आणि साफ करायच्या स्पिरिटचा. छापखान्याचं यंत्र भिंतीपलीकडे एका लयीत आपटत होतं. ऊन दारातून आत आलेलं. हे सगळं मुद्दाम सांगते आहे, कारण अशा गोष्टी अंधारातच घडतात असा लोकांचा समज असतो, आणि माझाही होता.

छापखान्यातली माणसं जेवायला गेली आणि यंत्र थांबलं. त्या शांततेत लॅपटॉपचा पंखा ऐकू यायला लागला. मी उठून पाहिलं. पांढरा काढून करडा लावला. कपाट गेलं होतं. खिडकी नाहीशी झाली होती. पलंगाची फळी बारीक बघितली तरच दिसत होती. उशीच्या जागी जरासा मऊ भाग उरला होता, मी बघत असतानाच तोही गेला, निदान मला तसं वाटलं. काम उत्तम चाललं होतं.

फक्त एक डाग राहिला होता. पलंगाच्या पायथ्याशी, खिडकीच्या खाली. उभट. वर अरुंद, मग रुंद, आणि खाली सरळ. आधी तो मला दिसलाच नव्हता, कारण बाकीच्या खुणांत मिसळून गेला असणार. आता बाकीचं फिकट झाल्यावर तो उठून दिसत होता.

नणंद माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायची सवय आहे. "वहिनी, कोणाचा कोट टांगलाय हा?"

मलाही कोटच वाटला. खुंटीला टांगलेला लांब कोट. मी परत पांढरा पडदा लावला. छापखान्याचं यंत्र सुरू झालं, चहा येऊन गेला, एक गिऱ्हाईक तुटलेली कळ बसवून घेऊन गेलं. पुन्हा पाहिलं. आता पूर्ण पडदा कोरा होता आणि कोट तेवढा होता. फिकट होण्याऐवजी त्याच्या कडा धारदार झाल्या होत्या. वरच्या अरुंद भागाला मान होती.

नणंद सरळ जाऊन आपल्या टेबलावर बसली, आणि बघते तर तिने खुर्ची फिरवून पाठ भिंतीला लावून घेतली होती.

मी बाईंना फोन केला. कामाचाच प्रश्न विचारला. म्हटलं, एक डाग निघत नाही, पलंगाच्या पायथ्याशी, खिडकीखाली, तिथे काय असतं? टांगलेलं काही, स्टँड, घडी घातलेली चाकाची खुर्ची?

त्या म्हणाल्या, तिथे काहीच नसतं. जेवणाचं चाकांचं टेबल तिथे लावून ठेवलेलं असायचं, पलंग आणि भिंत यांच्यामध्ये अगदी चिकटून, त्यामुळे टेबल आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढीसुद्धा जागा नव्हती. टेबल कमरेएवढं. त्याहून उंच काही नाही.

मी बरं म्हणाले. त्यांनी विचारलं, केवढा डाग आहे. मी म्हणाले, लहान आहे. खोटंच बोलले.

त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांनी एक वेगळीच गोष्ट सांगितली. हल्ली वडिलांचं चित्र कॉलमध्ये अडकतं. पलंगावर बसलेले असतात आणि तसेच राहतात, पापणीसुद्धा हलत नाही. त्यांना वाटायचं नेट गेलं. त्या कॉल बंद करून परत लावायच्या. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की वडील असे अडकलेले असतात तेव्हा मागे खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत असतो.

"विचारलं नाहीत त्यांना?" मी म्हणाले.

"विचारलं. म्हणाले, जरा शांत बसलो होतो."

रात्री मला झोप आली नाही वगैरे काही झालं नाही. दमले होते, गाढ झोपले. सकाळी मी ठरवलं, पडदा बदलायचा. एखादा भाग कायमचा बिघडतो, त्याचा आकार कसाही असू शकतो. ढगात हत्ती दिसतो तसं. नवा पडदा माझ्याकडे होता, बंद खोक्यातला. बसवला, करडा लावून तपासला, पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा, सगळं तपासलं. आरशासारखा स्वच्छ. जुना पडदा कागदात गुंडाळून टाकाऊ मालाच्या पेटीत ठेवला.

बाई आल्या तेव्हा दुपार होती. नवा पडदा बघून त्यांना बरं वाटलं. मी त्यांना म्हणाले, तुमचा नेहमीचा कॉल लावून बघा, कॅमेऱ्याची वायर मी हलवली आहे, चालतो ना ते कळेल. हे मी का म्हणाले ते मला सांगता येणार नाही. कॅमेरा मी आधीच तपासलेला होता. पण ती खोली मला एकदा चांगल्या उजेडात बघायची होती, हे खरं.

कॉल लागला. खोली दिसली, रंगीत, उन्हाची. कपाट, खिडकी, पलंग. वडील उशीला टेकून बसले होते. सडपातळ गृहस्थ, नीट दाढी केलेली, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. पलंगाच्या पायथ्याशी काहीही नव्हतं. जेवणाचं टेबलही तिथून काढलं होतं, भिंत मोकळी होती. मला एकदम हलकं वाटलं. नणंदही येऊन डोकावली.

बाईंनी त्यांना सांगितलं की पडदा बदलला, आता चेहरा स्पष्ट दिसतो आहे. त्यांनी हात वर केला. आमच्याशीही दोन शब्द बोलले, मुलीच्या डोळ्यांची काळजी घ्या म्हणाले. जेवण झालं का, गोळ्या घेतल्या का, अशी बोलणी चालली. ते उत्तरं देत होते, मान हलवत होते, अगदी बरे होते. फक्त बोलणं मुलीशी चाललेलं असताना त्यांची नजर मधूनच टॅब्लेटवरून सरकून उशीच्या बाजूला जायची आणि लगेच परत यायची. बाईंना ते दिसलं नसावं. त्यांनी कॉल बंद केला.

मी सवयीने करडा पडदा लावला.

स्वच्छ पडद्यावर एकच डाग होता. कपाट उमटलं नव्हतं, खिडकी नाही, पलंग नाही, वडील नाहीत. एवढ्याशा कॉलमध्ये काही उमटायलाच नको होतं. डाग उभट होता, वर अरुंद, मान असलेला. पण आता तो पायथ्याशी नव्हता. जिथे उशी होती, तिच्या अगदी शेजारी होता, आणि त्याचा वरचा भाग किंचित खाली झुकला होता. आजारी माणसाच्या तोंडाशी कान नेतात तसा.

मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, पण बाईंनी पाहिलं होतं.

"कोण आहे ते…?" त्या इतक्या हळू म्हणाल्या, की नणंदेला ऐकूच गेलं नाही.

"नवा पडदा सदोष असेल."

"तुम्ही म्हणालात, हलत नाही ते उमटतं."

"हो."

"बाबा तर हलत होते…"

मी लॅपटॉप मिटला. त्यांनी पर्स घेतली, लॅपटॉप तिथेच राहू दिला आणि निघाल्या. कुठे चाललात, हे विचारायची गरज नव्हती. दुकानासमोर त्यांनी रिक्षा थांबवली तेव्हा त्या फोन कानाला लावून वडिलांना सांगत होत्या, की बाबा, मी येते आहे, तोवर खोलीतून बाहेर येऊन बसा, बाहेरच्या खोलीत बसा. आणि पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, "नाही. हळू नाही. आत्ता उठा."

पुढचं मला त्यांनी नंतर सांगितलं. त्या पोचल्या तेव्हा संध्याकाळ होत होती. वडील बाहेरच्या खोलीत आलेले नव्हते. पलंगावर तसेच बसले होते, हात मांडीवर, डोळे उघडे. हाक मारली तर हलले नाहीत. आपल्याला उशीर झाला असं समजून त्या दारातच खाली बसल्या. तेव्हा वडिलांनी ओठ फारसे न हलवता विचारलं, तू एकटीच आलीस ना.

त्या त्यांना हाताला धरून घेऊन निघाल्या. बरोबर एक पिशवी, बाकी काही नाही. वडिलांनी वाद घातला नाही, कुलूप स्वतः लावलं. वाटेत बाईंनी विचारायचं ते विचारलं. त्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच मी सांगते. बायकोच्या आजारपणात असं काही त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. ती गेल्यावर त्या पलंगावर झोपायला लागले, तेव्हा वाटायला लागलं, की शेजारून कोणीतरी ऐकतं आहे. बोलणं नव्हे, श्वास. आपण निश्चल राहिलो की तेही लांब राहतं आणि हललो की एक पाऊल जवळ येतं, असं त्यांच्या अनुभवाला आलं होतं. त्यामुळे त्यांनी हलणं कमी करत आणलं होतं. कॉलवर मात्र हलावं लागायचं, मुलगी घाबरेल म्हणून.

बाई हे सांगताना रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, माझ्यासाठी ते रोज हात हलवायचे.

वडील आता त्यांच्याकडेच असतात. ते घर विकलं. पहिले काही दिवस त्यांना खुर्चीत बसवलं की ते तसेच राहायचे, पण हळूहळू सुटे झाले. बागेत फिरायला जातात, मुलीच्या कागदांतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढतात, तिच्याशी भांडतात. लॅपटॉपला मी तिसरा पडदा बसवून दिला. त्यावर आजवर काही उमटलेलं नाही. मी स्वतः तपासते, त्या दर थोड्या दिवसांनी घेऊन येतात. कॉल आता कोणाला लावायचाच नसतो. त्यामुळे गोष्ट संपली असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं होतं.

मागच्या आठवड्यात ते दोघं दुकानात आले. वडिलांना मी प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होते. तब्येत चांगली, आवाज खणखणीत. नणंदेने त्यांना खुर्ची दिली, त्यांनी तिच्या कामाची चौकशी केली, चष्मा वर करून मोबाइलची उघडी पाठ बघितली. चहा घेतला. बाप-लेकीत इतकी मजेची बोलाचाली चालली होती, की मला आमच्या घरचीच आठवण झाली. निघायची वेळ झाली. बाई आधी बाहेर पडल्या आणि रिक्षा बघायला रस्त्याच्या कडेला गेल्या. त्यांच्या मागोमाग वडील गेले, उंबऱ्यापलीकडे उभे राहिले आणि काचेचं दार हाताने उघडं धरून ठेवलं.

मला वाटलं, त्यांना माझ्याशी काही बोलायचं आहे. मी जवळ गेले. "काका, काही राहिलं का?"

"नाही, नाही," ते म्हणाले. पण दार धरूनच होते. नजर माझ्या कमरेच्या बाजूने आत, मागच्या टेबलाकडे. मी जागेवरच होते, तरी त्यांनी जरा अंग चोरून कोणाला तरी द्यावी तशी वाट दिली आणि मग दार सोडलं.

मी हसून म्हणाले, दार धरायची सवय दिसते, काकूंसाठी धरत असाल.

"तिच्यासाठी?" ते म्हणाले. त्यांना माझ्या बोलण्याचं खरंच नवल वाटलेलं दिसलं. "ती तर उठतच नव्हती हो."

रिक्षा आली होती. बाईंनी हाक मारली. ते सावकाश गेले, रिक्षाचा दांडा धरून उभे राहिले, क्षणभर थांबले, आणि मग सगळ्यात शेवटी आत बसले.